काशाच्या चिलखताचं अस्तर: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

अस्तर न लावलेलं काशाचं शिरस्त्राण डोक्यात घाला आणि शेजारच्याला बाहेरून नुसती एक टिचकी मारायला सांगा. देवळातल्या घंटेत डोकं घातल्यासारखं होतं. घंटाही काशाचीच असते, त्यामुळे नवल काही नाही. पण टिचकीने ही गत, तर गोफणीचा दगड बसल्यावर काय होत असेल?

ग्रीकांना हा त्रास चांगलाच ठाऊक होता. ॲरिस्टॉटल प्राण्यांवरच्या ग्रंथात स्पंजाच्या जाती सांगतो. त्यातल्या सगळ्यात बारीक, दाट आणि चिवट जातीला ‘अकिलीसचा स्पंज’ म्हणतात, असं तो लिहितो (अकिलीस म्हणजे ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर). हा स्पंज शिरस्त्राणाच्या आणि पोटरीच्या कवचाच्या आत घालतात, कशासाठी, तर घावाचा आवाज कमी व्हावा म्हणून. एका ओळीत त्याने आपल्या सगळ्या विषयाचं मर्म सांगून टाकलंय, आणि तेही स्पंजाबद्दल बोलताना.

मी नाटकांची वेशभूषा करते, म्हणजे या कामात कापडाच्या बाजूने आले. पुण्यातल्या एका तांबटकाकांकडून पत्रा ठोकून घ्यायचा आणि आतलं सगळं मी करायचं, अशी आमची वाटणी आहे. आजवर दोन शिरस्त्राणं, छाती-पाठीचा एक जोड आणि पोटऱ्यांचा एक जोड झालाय. पोटऱ्यांचा तो जोड मी कुणाला दाखवत नाही, कारण पुढे येईल. प्राचीन ग्रीक कवचाची प्रतिकृती पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. प्रदर्शनासाठी, नाटकासाठी, नुसत्या हौसेसाठी, काहीही असो. खऱ्या मारामारीसाठी मात्र नाही. माणसाच्या डोक्यावर ठेवून ठोकून बघण्याची हौस कृपा करून करू नका.

सुरुवातीलाच एक फरक डोक्यात पक्का करा, कारण नव्या माणसाची निम्मी गडबड इथेच होते. अस्तर वेगळं आणि गादी वेगळी. अस्तर म्हणजे धातूला आतून शिवलेला किंवा चिकटवलेला पातळ थर. त्याचं काम काठ झाकणं, कातडी सोलवटू न देणं आणि पत्रा घामापासून वाचवणं. गादी म्हणजे घाव पचवणारी जाडी. ती बहुतेकदा धातूला जोडलेली नसते, अंगावर वेगळी घातली जाते. एकाच थरात दोन्ही कामं उरकायला गेलात की अस्तर जाडजूड होतं आणि गादी मात्र पुरत नाही.

पायरी पहिली: काठ वाचा

चामडं, लोकर, जवसाचं कापड (लिनन) या गोष्टी अडीच हजार वर्षांत कुजून जातात. उरतो पत्रा. म्हणून आत काय होतं हे बघायचं तर पत्र्याच्या काठाकडे बघायचं. ऑलिंपियाच्या देवस्थानात ग्रीकांनी लढाईनंतर वाहिलेली शिरस्त्राणं शेकड्यांनी सापडली आहेत. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरचे फोटो मोठे करून बघा, आणि समोरून काढलेल्या देखण्या फोटोपेक्षा बाजूने किंवा खालून काढलेला शोधा.

कोरिंथियन धाटणीच्या, म्हणजे सगळा चेहरा झाकणाऱ्या आणि मध्ये नाकावर पट्टी असलेल्या शिरस्त्राणांचं उदाहरण घ्या. जुन्या नमुन्यांत काठालगत बारीक भोकांची रांग दिसते. ती अस्तर शिवण्यासाठी. नंतरच्या नमुन्यांत भोकं नाहीशी होतात. म्हणजे अस्तर गेलं असं नव्हे, ते चिकटवायला लागले असणार. तेव्हा तुमची प्रतिकृती कुठल्या काळाची आहे ते आधी ठरवा. मगच सुई घ्यायची की सरस (हाडा-कातड्याचा गोंद), हे ठरेल. इ.स.पू. पाचव्या शतकातलं शिरस्त्राण करून त्याच्या काठाला भोकांची रांग पाडलीत, तर जाणकार बघणारा दारातच हसेल.

याहून फार जुना दाखला म्हणजे डेंड्राचं चिलखत. ग्रीसच्या आर्गोलिड भागात डेंड्रा इथे 1960 मध्ये एका थडग्यात ते सापडलं, आणि ते इ.स.पू. पंधराव्या शतकाच्या अखेरचं मानतात. आज ते नाफ्प्लिओच्या संग्रहालयात आहे. काशाचे पंधरा वेगवेगळे तुकडे, गळ्याभोवती उंच कॉलर, कमरेखाली घागऱ्यासारख्या लोंबत्या पट्ट्या. हे तुकडे आतून चामड्याने मढवलेले होते आणि चामड्याच्याच वाद्यांनी, म्हणजे अरुंद पट्ट्यांनी, सैलसर बांधलेले होते. त्याच्या प्रतिकृतीवर 2024 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्रीक सैन्यदलातल्या 13 मरीन सैनिकांनी ती घालून अकरा तासांचा लढाईचा सराव पार पाडला. बघताक्षणी हे चिलखत डबा घातल्यासारखं वाटतं, पण वाद्या सैल असल्याने माणूस त्यात हलतो. पहिल्या प्रयत्नाला मात्र डेंड्रा घेऊ नका. पंधरा तुकडे म्हणजे पंधरा ठिकाणी चुकायची सोय.

पायरी दुसरी: साहित्य जमवा

गादीसाठी हवा नमदा. म्हणजे विणलेली नव्हे, ओली करून, दाबून एकजीव केलेली लोकर. आपल्याकडचं बुरणूस त्याच जातीचं. घोंगडी आणि बुरणूस यांत गल्लत नको. घोंगडी मागावर विणतात, तिच्यात ताणाबाणा दिसतो, आणि कापल्यावर कडेने धागे सुटतात. बुरणूस कुठूनही कापा, कड तशीच राहते. शिरस्त्राणाच्या टोपीला नेमका हाच गुण लागतो. हस्तकलेच्या दुकानातले रंगीत फेल्टचे ताव घेऊ नका. ते पॉलिएस्टरचे असतात, घाम शोषत नाहीत, आणि पाऊण तासाने डोकं शिजतं.

गोधडीसारखं कापसाने भरलेलं काही करावं, असा मोह आपल्या माणसाला होणारच. मलाही झाला होता. पण हेरोडोटससारख्या ग्रीक लेखकाला कापूस माहीत होता तो भारतातल्या रानटी झाडांवर उगवणारी, मेंढीच्या लोकरीपेक्षा सरस अशी लोकर म्हणून. ग्रीक शिपायाच्या टोपीत ती भरलेली असणं अवघड. गोधडीचा धावदोरा ठेवा, कापूस सोडा.

अस्तराला शेळीचं पातळ चामडं, एक मिमीच्या आसपासचं. झाडाच्या सालीत कमावलेलं मागा, म्हणजे कोल्हापुरी चपलेला वापरतात तशा पद्धतीचं. क्रोमने कमावलेलं चामडं मऊ असतं खरं, पण ती एकोणिसाव्या शतकातली रीत. शिवाय ते ओलं करून आकारावर बसवलं तरी वाळल्यावर पुन्हा उसळतं. सालीतलं चामडं बसवाल तसं बसून राहतं.

स्पंज हवाच असेल तर समुद्रातला खरा. सुकला की कडक होतो, किंचित ओला केला की मऊ. गाद्या-उशांच्या दुकानातला पिवळा फोम दोन-तीन पावसाळ्यांत भुगा होतो आणि तो भुगा अस्तराच्या मागे साचतो. मग सगळं उसवा.

आणि पत्रा. ‘काशाचं’ म्हटल्यावर कुणीतरी काशाची थाळी कापून आणायला सांगेल. आपल्या जेवणाच्या काशात कथील बरंच असतं, वीस टक्क्यांच्या वर, आणि ते गार असताना ठोकलं की तडकतं. कवचासाठी कथील साधारण दहा टक्के असलेलं कासं धरा. ते जमत नसेल तर बरेच जण सरळ पितळेचा पत्रा घेतात. रंगाने जवळ जातो, आणि आतल्या कामाला काही फरक पडत नाही.

पायरी तिसरी: आधी गादी, मग माप, धातू शेवटी

इथे मी सावकाश जाणार आहे, कारण माझं पहिलं शिरस्त्राण इथेच वाया गेलं.

आम्ही नटाच्या उघड्या डोक्याचं माप घेतलं, त्यात ‘थोडी सूट’ धरली, आणि तांबटकाकांनी झकास टोप ठोकून दिला. मग मी आत आठ मिमीची नमद्याची टोपी घातली. टोप कानांवर अडकला, खाली उतरेचना. दाबून उतरवला तर माथ्यावरच्या जाडीमुळे डोळ्यांची भोकं भुवयांवर आली. त्या बिचाऱ्याला समोरचं बघायला हनुवटी छातीला टेकवावी लागत होती.

हिशोब सोपा आहे, शाळेतला. घेरात भर पडते ती जाडीच्या दुपटीला 3.14 ने गुणून. म्हणजे एक मिमी जाडीमागे घेर सुमारे 6.3 मिमीने वाढतो. डोकं 57 सेंमीचं आणि टोपी 8 मिमीची असेल, तर 5 सेंमी वाढले, आणि आतला घेर 62 सेंमी हवा. आम्ही धरलेली ‘थोडी सूट’ होती दोन सेंमी. तुम्हाला वाटेल आठ मिमी ही फार जाडी नाही. घेराला विचारा.

कोरिंथियन टोपात घेराहूनही नाजूक माप म्हणजे माथ्यापासून डोळ्यांपर्यंतचं. उघड्या चेहऱ्याच्या शिरस्त्राणात टोप बोटभर वर-खाली बसला तरी निभतं. इथे डोळ्यांची भोकं पत्र्यात कायमची कापलेली असतात. म्हणून आधी टोपी शिवा. ती घालून तासभर वावरा, कारण नवा नमदा दबतो आणि आठ मिमीचा सहा होतो. मग टोपीवरून घेर मोजा, आणि माथ्याच्या उंच बिंदूपासून बुबुळाच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर मोजा. पुठ्ठ्याचा नमुना करून घालून बघा. पत्र्याला हात त्याच्यानंतर. ठोकणाऱ्याला ‘डोक्याचं माप’ असं सांगूच नका, ‘टोपीवरचं माप’ म्हणा.

ग्रीक माणसाला हा टोप मागे सरकवून कपाळावर चढवून ठेवायची सवय होती. पेरिक्लिसचा पुतळा किंवा नाण्यांवरची अथीना आठवा. म्हणजे टोप मागे सरकल्यावरही टोपी पत्र्याला धरून ठेवणारी हवी. गुळगुळीत कापडाने मढवलेली टोपी तिथे दगा देते. वरची बाजू लोकरीची खरखरीतच ठेवा.

पायरी चौथी: टोपी

दोन रीती आहेत. सोपी रीत म्हणजे चार कळ्यांची, म्हणजे वर निमुळत्या होणाऱ्या चार तुकड्यांची टोपी. कळ्या जोडताना एकावर एक चढवू नका. काठाला काठ भिडवून तिरप्या टाक्याने जोडा. चढवलेली शिवण म्हणजे दुप्पट जाडीची रेघ, आणि वरून दीड किलोचा टोप आल्यावर ती रेघ कपाळावर वळ उमटवते.

दुसरी रीत मला जास्त आवडते. डोक्याच्या मापाचं एखादं पातेलं उपडं घाला. त्यावर बुरणुसाचा तुकडा गरम साबणपाण्यात भिजवून ताणून बसवा, हाताने चोळत राहा, दोरीने काठ बांधून वाळू द्या. सांधा नाही, शिवण नाही. आमच्या बुरणुसाला एक दुपार आणि बरीच मनगटं लागली. धनगरी लोकर कपाळाला टोचते, म्हणून आतून लिननचा एक थर धावदोऱ्याने घाला.

ही टोपी प्राचीन पुराव्यात दिसते का? बर्लिनमध्ये इ.स.पू. 500 च्या आसपासचा एक रंगवलेला ग्रीक पेला आहे. त्यात अकिलीस आपल्या जखमी मित्राच्या, पात्रोक्लसच्या दंडाला पट्टी बांधतोय. पात्रोक्लसने टोप काढलाय, आणि त्याच्या डोक्यावर घट्ट बसलेली साधी टोपी आहे. शिरस्त्राणाखालची नमद्याची टोपी ती हीच, असं मानतात. ग्रीक भाषेत नमद्याला ‘पिलोस’ म्हणायचे, नमद्याच्या टोपीलाही पिलोस, आणि पुढे त्याच निमुळत्या आकाराचं काशाचं शिरस्त्राण आलं तेव्हा त्याचंही नाव पिलोसच राहिलं. गादीचं नाव धातूला लागलं. इ.स.पू. 425 मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर स्पार्टन सैन्य कोंडलं गेलं, तेव्हा त्यांच्या ‘पिलोस’नी बाण अडले नाहीत असं ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो. तिथे तो टोपीबद्दल बोलतोय की अंगावरच्या नमद्याबद्दल, यावर पंडितांचं अजून भांडण आहे.

आतल्या बांधणीचा आणखी एक नमुना होमरच्या इलियडमध्ये, दहाव्या सर्गात सापडतो. ओडिसियस रानडुकराच्या सुळ्यांनी मढवलेली टोपी घालतो. तिच्या आत चामड्याच्या वाद्या घट्ट ताणलेल्या, आणि मध्ये नमदा. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट उलटं करून बघा. आत पट्ट्यांची जाळी असते, डोकं कवचाला टेकत नाही, मध्ये हवा खेळते. कल्पना तीच. उंच टोपात ही रीत करून बघण्यासारखी आहे. कोरिंथियन टोप मात्र डोक्याला इतका लगटून असतो की जाळीला जागाच उरत नाही.

टोपीवरून एक रोमन किस्सा आठवतो. काळ फार नंतरचा, पण वस्तू तीच. इ.स. 359 मध्ये आमिदा हे रोमन शहर शत्रूच्या हाती पडलं, आणि इतिहासकार अमियानस काही सोबत्यांसह निसटला. तहानेने जीव चाललेला, विहीर सापडली पण खोल, दोर नाही. त्यांनी अंगावरच्या कापडाच्या पट्ट्या फाडून दोर केला आणि एकाने शिरस्त्राणाखाली घातलेली टोपी त्याच्या टोकाला बांधून खाली सोडली. ती पाणी पिऊन वर आली, आणि सगळ्यांची तहान भागली. चांगली टोपी किती घाम पिते, त्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. चव कशी होती ते अमियानसने लिहिलेलं नाही.

पायरी पाचवी: अस्तर शिवणं किंवा चिकटवणं

भोकांचा नमुना असेल तर आधी प्रत्येक भोकाची आतली-बाहेरची धार बारीक कानशीने मारा. बोट फिरवून बघितलं की धार लागत नाही, पण दोऱ्याला लागते. महिनाभरात एकेक टाका कापला जातो आणि अस्तर लोंबू लागतं. दोरा जवसाचा, मेण ओढलेला. दाभण जाड पडतं, भोकातून जाताना अडकतं. चामड्याला आधी आरीने भोकं पाडून बोथट सुईने शिवणं बरं.

चामड्याचं अस्तर काठापेक्षा दीड सेंमी बाहेर ठेवून कापा. ओलं करा, काठावरून बाहेर दुमडा, आणि कागदाला लावतात त्या काळ्या चिमट्यांनी जागोजागी धरून ठेवा. शिवायला मानेच्या मागच्या मध्यापासून सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंनी पुढे या. डोळे शेवटी. उलट केलंत तर चामड्याचा सगळा झोल नाकाच्या पट्टीशी जमा होतो, आणि लोकांची नजर तिथेच जाते. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात चामड्याला एकच काप द्या, तोही काठाच्या दोन मिमी अलीकडे थांबवून. बाकीचं वळण ओलं चामडं आपणहून घेतं.

बिनभोकांच्या टोपाला सरस. सरसाचे खडे रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी भांड्यात भांडं ठेवून गरम करा. उकळू देऊ नका, उकळलेल्या सरसाची पकड जाते. टोप आतून काचकागदाने खरवडा, तेलाचा अंश सोड्याने धुऊन काढा. आणि एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती: टोपही गरम करा. थंड पत्र्यावर सरस लावल्या लावल्या थिजतो, चामडं बसवेपर्यंत त्याची जेली झालेली असते. मी केस वाळवायच्या मशीनने पत्रा हाताला कोमट लागेल इतका तापवते. मग बोटांनी मधून काठाकडे दाबत हवा बाहेर काढायची. आत मऊ वाळूची पिशवी भरून रात्रभर ठेवायचं.

सरसाला पाणी सोसत नाही, म्हणजे घामही नाही. नाटकाच्या रोजच्या वापराला मी चपला दुरुस्त करणारे वापरतात ते सोल्यूशन लावते आणि मान्य करून टाकते. प्रदर्शनाच्या नगाला सरस.

पायरी सहावी: छाती आणि पाठ

इथे नवे लोक थेट मध्ययुगीन युरोपात जातात. जाड, रजईसारखा शिवलेला डगला करतात आणि त्यावर ग्रीक पत्रा चढवतात. असा डगला त्या काळच्या ग्रीक चित्रांत दिसत नाही. पत्र्याखालून दिसतो तो साधा खितोन, चुण्यांचा अंगरखा. चिलखताखाली घालायच्या नमद्याच्या कपड्याचं स्पष्ट वर्णन आहे ते इ.स. चौथ्या शतकातल्या एका रोमन लेखात, तेही वेगळ्या चिलखतासाठी. इ.स.पू. 48 मध्ये डिर्राकियमला सीझरच्या सैनिकांनी बाणांपासून वाचायला नमदा, गोधड्या आणि कातडी जोडून अंगरखे केले होते, पण तो प्रसंगी केलेला जुगाड. यातलं काही मागे ओढत नेऊन इ.स.पू. सातव्या शतकातल्या माणसाच्या अंगात घालू नका.

आणि गरजही फारशी नसते. घंटेच्या आकाराचं जुनं चिलखत कमरेशी बाहेर फाकतं, छातीवर फुगीर असतं. पत्रा आणि अंग यांच्यात मोकळी जागा राहते. घाव आधी पत्र्याच्या फुगीरपणावर जिरतो. खरा प्रश्न आहे वजन कुठे टेकतं हा. एक चौरस मीटर, एक मिमी जाडीचा काशाचा पत्रा जवळजवळ 8.8 किलो भरतो. छाती-पाठ मिळून अर्धा चौरस मीटर धरा, म्हणजे एका मिमीला जवळजवळ साडेचार किलो. ते सगळं दोन खांद्यांच्या दोन बोटभर पट्ट्यांवर आलं तर अर्ध्या तासात मुंग्या येतात.

ग्रीक लेखक झेनोफोनने सॉक्रेटिस आणि चिलखत बनवणारा पिस्तियास यांचा एक संवाद लिहून ठेवलाय. सॉक्रेटिस विचारतो, तुझी चिलखतं इतरांपेक्षा मजबूत नाहीत, किमतीही नाहीत, मग दाम जास्त का? पिस्तियास म्हणतो, कारण ती अंगाला बसतात. मग दोघं मिळून नेमकं सांगतात: नीट बसलेल्या चिलखताचं वजन गळ्याच्या हाडांवर, खांद्यांवर, छातीवर, पाठीवर, पोटावर वाटलं जातं. न बसलेलं नुसतं खांद्यांवरून लोंबतं आणि जड होतं. चोवीसशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला अजून कुणी सुधारलेला नाही.

म्हणून करायचं असं. गळा, काखा आणि कमर या तीन काठांना चामड्याची दुमड. बाकी आतून पातळ अस्तर, किंवा चालेल नसलं तरी. खांद्यांवर आतल्या बाजूने तळहाताएवढे नमद्याचे दोन तुकडे, मानेकडे निमुळते. आणि लोकरीचा खितोन खांद्यावर दुहेरी-तिहेरी चुण्या पडतील इतका रुंद. चुणी म्हणजे फुकटची गादी. माणसाला चिलखत घालून स्टुलावर बसवा. कमरेचा काठ मांडीत रुतला तर पत्रा लांब झालाय, तिथे अस्तर काही करणार नाही.

पायरी सातवी: पोटऱ्या

ग्रीक पोटरीचं कवच पट्ट्याने बांधत नाहीत. पत्र्याच्या स्प्रिंगवर ते पायाला मिठी मारून बसतं. मागून ताणून उघडायचं, घालायचं, सोडायचं. त्यामुळे आतला थर जाड झाला की मिठी सुटते.

मी सहा मिमी नमदा लावला. तालमीत ‘सैनिक’ धावत आला, आणि त्याच्या दोन्ही पोटऱ्या त्याच्या मागे उभ्या राहिल्या. तोच हा जोड. आता मी दीड मिमी चामड्यावर थांबते. नडगीच्या हाडावर उभी, बोटभर रुंदीची नमद्याची एक पट्टी, बस. अकिलीसचा स्पंज वापरून बघायचा असेल तर तो इथे, नडगीवर, पातळ काप करून. खालचा काठ पावलाच्या वरच्या बाजूला घासतो, म्हणून घोट्याशी कापडाची एक मऊ वळी बांधा. काही ग्रीक चित्रांतही तसं काहीसं दिसतं.

पायरी आठवी: बघणं आणि निगा

पुन्हा टिचकी मारा. ‘टण्ण’ ऐवजी ‘थप्प’ असा बसका आवाज आला तर अस्तर पत्र्याला सगळीकडून टेकलंय. एखाद्याच जागी घंटा वाजली तर तिथे हवा राहिलीय. मग अर्धा तास घालून वावरा, काढा, आणि अंगावर लाल वळ कुठे उठलेत ते खडूने आतल्या बाजूला उतरवून घ्या. तिथलं भरण कमी-जास्त करायचं.

हिरव्याची काळजी सगळ्यात मोठी. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. घाम आणि चामड्यातली चरबी पत्र्याशी तेच करतात. रिपिटांभोवती आणि टाक्यांच्या भोकांपाशी हिरवं, मेणचट काहीतरी जमतं. ते लाकडाच्या काडीने खरवडून काढा आणि पुसा. गंमत म्हणजे याच हिरव्याने पुरातत्त्वज्ञांवर उपकार केलेत. तांब्याचे क्षार जंतूंना मारतात, म्हणून जुन्या काशाला चिकटून कधी कधी चामड्याचे, कापडाचे कण टिकून राहतात.

बाहेरून चकाकी आणायला चिंच-मीठ लावू नका. आंबट पाणी काठावरून अस्तराच्या मागे शिरतं आणि तिथे ते कुणाला दिसत नाही.

वापरल्यावर टोपी बाहेर काढून वेगळी वाळवा, उन्हात नव्हे, पंख्याखाली. जुलैत माझ्या सरस लावलेल्या टोपाच्या आत पांढरी बुरशी आली होती, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्याचा प्रताप. आता तो सुती पिशवीत असतो, आत चुरगाळलेली वर्तमानपत्रं, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला, कारण लोकरीला कसर लागते. दर पंधरवड्याला पिशवी उघडून वर्तमानपत्र बदलायचं. कागद ओलसर लागला तर टोपी काढून पुन्हा पंख्याखाली.